ब्लोअरचा फ्यूज सारखा उडतोय, नवी मोटर टाकूनही!

चेकनाका · रविवार, रात्री १०.४०

मंडळी, डोक्याला ताप झालाय. जाणकारांनी जरा बघा.

गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी, ७८ हजार किलोमीटर. एसी मॅन्युअल, ब्लोअरला (एसीच्या पंख्याला) चार स्पीडचा साधा गोल नॉब. मुलुंडला सोसायटीच्या कंपाऊंडमध्ये झाडाखाली उभी असते, रोज बीकेसी जाऊन-येऊन.

मे महिन्यात घाटकोपरच्या पुढे ट्रॅफिकमध्ये ब्लोअर एकाएकी बंद. फ्यूज उडाला होता. नवा टाकला, दोन आठवड्यांनी परत तेच, मग परत. दरवेळी नॉब चारवर आणि दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर. दोन-तीनवर कधी गेला नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने काहीतरी केलं आणि म्हणाला, "साहेब, आता जाणार नाही." खरंच दीड महिना गेला नाही. मग जुलैत पायाशी जळकट वास यायला लागला, ब्लोअरमधून घर्रर्र आवाज, शेवटी तो अडकलाच. त्याच गॅरेजमध्ये नवी मोटर टाकली, मजुरीसकट ३२०० रुपये.

तीन दिवस झकास. चौथ्या दिवशी भर पावसात सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर फ्यूज गेला. दोन मिनिटांत समोरची काच आतून पांढरी. एका हाताने काच पुसत, खिडकी अर्धी उघडी ठेवून, भिजत कसाबसा कुर्ल्यापर्यंत आलो. परवा परत गेला. या वेळी तर नॉब चारवर नव्हताच.

गॅरेजवाला आता म्हणतो "वायरिंगमध्ये लफडं आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आठ हजार". नऊ वर्षांच्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उतरला की जन्मभर खडखडतो असं ऐकलंय.

बायकोचं निदान: "मी छत्री घेऊन बसले की तुझा एसी जातो." हे आपलं गंमत म्हणून.

शॉर्टकट · रविवार, रात्री १०.५५

४० अँपिअरचा फ्यूज टाका. विषय संपला. माझ्या आधीच्या गाडीत चार वर्षं होता, काही झालं नाही.

गंजका नट · रविवार, रात्री ११.०२

@शॉर्टकट, आणि ती गाडी आता कुठे आहे? "आधीच्या" म्हणालात म्हणून विचारलं.

शॉर्टकट · रविवार, रात्री ११.०४

विकली. चालू कंडिशनमध्ये.

जुना वायरमन · रविवार, रात्री ११.२०

चेकनाका, आधी एक सांगतो, रागावू नका. ४०चा काय, ३०चासुद्धा टाकू नका. फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, तो असतो वायरीला वाचवायला. कंपनीने वायरीची जाडी बघून आकडा ठरवलेला असतो. मोठा फ्यूज टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि त्याऐवजी वायर तापते. ती वायर तुमच्या डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिक आणि फोमच्या मधून जाते. वर तुमची गाडी सीएनजी.

बस डेपोच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं. जळालेल्या हार्नेस (वायरींचे जुडगे) उकलल्या की दहातल्या पाच वेळा मुळाशी कुणीतरी बसवलेला "मोठा" फ्यूज सापडायचा. कधी तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

आता तीन गोष्टी बघून सांगा.
फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर ब्लोअरच्या जागी आकडा काय छापलाय आणि आत बसलेला फ्यूज कुठल्या रंगाचा आहे?
उडालेले फ्यूज ठेवलेत का?
नॉब चारवर नव्हता म्हणजे नेमका कुठे होता?

हिरवी मिरची · रविवार, रात्री ११.३१

झाडाखाली उभी असते म्हणालात. उंदीर. शंभर टक्के उंदीर. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की सगळी फौज बोनेटमध्ये. माझ्या गाडीत एसी फिल्टरच्या खणात पिस्ता आणि अर्धी पोळी निघाली होती. पोळी आमच्या घरची नव्हती, तेवढं खात्रीने सांगते.

बटाटाभजी · रविवार, रात्री ११.४०

पिस्ता! उंदरांचं बरं चाललंय ठाण्यात.

पाचवा गिअर · सोमवार, सकाळी ७.५०

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो, कारण पुढे कुणीतरी "फिल्टर चोंदल्यामुळे मोटरवर लोड येतो आणि फ्यूज जातो" असं लिहिणारच. उलट आहे. ब्लोअरचा पंखा म्हणजे पिंजऱ्यासारखा ड्रम. त्याला हवा ओढायलाच मिळाली नाही तर त्याला काम कमी पडतं, तो जोरात फिरतो आणि करंट कमी खातो. घरी करून बघा, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात धरला की आवाज चढतो, मोटर धापा टाकत नाही. चोंदलेल्या फिल्टरने मरतो तो रेझिस्टर (मोटरचा वेग कमी ठेवणारा भाग), कारण तो वाऱ्याच्या मार्गात थंड होण्यासाठीच बसवलेला असतो.

मोटर जास्त करंट कधी खाते? हळू फिरली की. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलं, गंजलं, पाचोळा ड्रममध्ये अडकून घासायला लागला की वेग पडतो आणि करंट वाढतो. पूर्ण जाम झाली तर सर्वांत जास्त.

मे महिन्यातली लक्षणं मला तंतोतंत अशी वाटतात. एक ते तीनवर रेझिस्टर मध्ये असतो, तो करंट दाबून ठेवतो. चारवर रेझिस्टर बाजूला होतो आणि बॅटरीचा पूर्ण दाब मोटरवर. म्हणून फक्त चारवर जायचा. आणि लगेच न जाता दहा-पंधरा मिनिटांनी जायचा, कारण करंट रेटिंगच्या थोडाच वर असणार. पातीचा फ्यूज दहा टक्के जास्तीवर तासन्‌तास तग धरतो, पस्तीस टक्के जास्तीवर साधारण काही मिनिटं, दुपटीवर काही सेकंद.

पण नवी मोटर टाकल्यावरचं दुखणं या हिशेबात बसत नाही.

चेकनाका · सोमवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. ऑफिसातून आल्यावर टॉर्च घेऊन बसलो.

झाकणावर २० छापलंय. आत हिरवा बसलेला आहे आणि त्यावर ३० लिहिलंय. म्हणजे "साहेब, आता जाणार नाही" याचं रहस्य हे. दीड महिना मी मूर्खासारखा त्याची तारीफ करत होतो.

उडालेले फ्यूज सगळे आहेत, माझी सवयच आहे. लिमलेटच्या गोळ्यांच्या डबीत. तीन पिवळे, २०चे, मे-जूनमधले. दोन हिरवे, ३०चे, नव्या मोटरनंतरचे. आणि हो, दिसायला फरक आहे! पिवळ्यांमधली तार मध्येच वितळून तुटलेली, बाकी आतून स्वच्छ. हिरव्यांचं प्लॅस्टिक आतून काळंकुट्ट, तारेचा पत्ता नाही.

नॉब पहिल्या वेळी दोनवर होता. परवाच्या वेळी मला वाटतं शून्यावर होता, कारण पाऊस थांबला होता आणि मी ब्लोअर बंद केला होता. परत लावायला गेलो तर मेलेला.

जुना वायरमन · सोमवार, रात्री ९.४०

डबी सांभाळून ठेवा, तीच तुमची केस पेपर.

पिवळे स्वच्छ तुटलेत म्हणजे ओव्हरलोड. हळूहळू तापून गेले. तो आजार जुन्या मोटरचा, पाचवा गिअर यांनी बरोबर सांगितलं. हिरवे काळे झालेत म्हणजे शॉर्ट. एका क्षणात तार वाफ होऊन भिंतीला चिकटली. हा दुसरा आजार आहे आणि तो मोटर बदलल्यानंतर सुरू झाला. आपण दोन आजारांना एक समजून बसलो होतो.

नॉब शून्यावर असताना जातो हे फार कामाचं. बऱ्याच गाड्यांत नॉब आणि रेझिस्टर हे मोटरच्या अर्थिंगच्या (मायनसच्या) बाजूला असतात. प्लसची वायर रिलेमधून (करंटवर चालणाऱ्या स्विचमधून) सरळ मोटरपर्यंत येते आणि इग्निशन चालू असेपर्यंत जिवंत राहते, नॉब कुठेही असो. ती वायर बॉडीला टेकली की बॉडी शॉर्ट. अर्थिंगच्या बाजूची टेकली असती तर फ्यूज गेला नसता, ब्लोअर आपोआप फुल स्पीडने सुटला असता. तेव्हा शोध फक्त प्लसच्या वायरीचा. रिले ते मोटर. डॅशबोर्ड उतरवायची काही गरज दिसत नाही.

मोटर बसवताना ज्याने हात घातला त्याने वायर कुठेतरी दाबून किंवा क्लिपबाहेर ठेवली असणार.

हिरवी मिरची · सोमवार, रात्री ९.४८

किंवा उंदीर.

जुना वायरमन · सोमवार, रात्री ९.५२

ताई, उंदीर असेल तर तोही सापडेल.

गंजका नट · सोमवार, रात्री १०.०५

माझं एक: दर प्रयोगाला एक फ्यूज जाळायची गरज नाही. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावा. जुना एच-४ असेल तर उत्तम, ज्याची एक तार गेलीय पण एक शाबूत आहे असा. बल्बच्या दोन वायरी फ्यूजच्या दोन खाचांत. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, म्हणजे शॉर्ट असला तरी वायर सुरक्षित आणि बल्ब नुसता भगभगून पेटतो. मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढून ठेवायचा, इग्निशन चालू करायचं. बल्ब बंद राहिला म्हणजे त्या क्षणी शॉर्ट नाही. मग वायर हलवत जायची. पेटला की तिथेच.

बल्बला हात लावू नका, कातडी सोलून निघेल. सीटवर तर मुळीच ठेवू नका. हे अनुभवाचे बोल आहेत, सीट कव्हर दाखवू शकतो.

बटाटाभजी · सोमवार, रात्री १०.१२

वाचनखूण साठवली. माझ्याकडे गाडी नाही, तरीही.

पाचवा गिअर · सोमवार, रात्री १०.३०

बल्बची युक्ती झकास. आणखी एक भर: मल्टिमीटर असेल तर तो अँपिअरवर लावून ब्लोअरच्या लाइनमध्ये घालू नका. साध्या मीटरची मर्यादा १० अँपिअर असते, ब्लोअर सहज त्याच्यावर जातो. मग गाडीचा फ्यूज वाचतो आणि मीटरचा उडतो. क्लॅम्प मीटर हवा, वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा. लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर डीसी (बॅटरीचा) करंट मोजतो का ते विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी (घरच्या विजेचा) करंट मोजतात.

गंजका नट · सोमवार, रात्री १०.३३

एसीसाठी एसी मीटर चालत नाही. मराठी माणसाने जगायचं कसं.

चेकनाका · बुधवार, रात्री ११.३०

आज सुट्टी टाकली. खोटं कशाला बोलू, याच कामासाठी. ऑफिसात "इलेक्ट्रिशियन येणार आहे" म्हणून सांगितलं.

आधी जुनी मोटर. गॅरेजवाल्याने ती डिकीत टाकून दिली होती. बोटाने फिरवली तर अर्धा वेढा जाऊन थांबते, मऊ लागण्याऐवजी खरखरते. खालच्या बाजूला बुशवर गंजाची तांबडी रांगोळी. ड्रममध्ये बारीक पिवळ्या पाकळ्या आणि पानांचा लगदा. मग लक्षात आलं, गाडी सोनमोहराखाली असते. एप्रिल-मेमध्ये तो नुसता ओतत असतो. वायपरखालची जाळी उघडली तर पाणी जायचं भोक पाकळ्यांच्या गाळाने बंद. पाणी तिथे साचून ब्लोअरच्या तोंडातून आत येत होतं. आमच्या मॉडेलमध्ये केबिन फिल्टरच नाही, खण आहे पण रिकामा. बेस मॉडेल घेतलं की असं.

सोसायटीतल्या एकाकडून डीसी क्लॅम्प मीटर मिळाला. जुनी मोटर बॅटरीवर थेट लावली तर काटा (काटा कसला, आकडा) २४ ते २७ अँपिअरमध्ये नाचतो. नवी मोटर गाडीतच, इंजिन चालू, नॉब चारवर: १५.५. म्हणजे २०चा फ्यूज बिचारा बरोबर ओरडत होता, आणि ३०च्याने त्याचं तोंड बंद केलं. जळकट वास कुठून येत होता तेही कळलं. मोटरचा कपलर एका बाजूने तपकिरी होऊन पापडासारखा फुगलाय. नवी मोटर त्याच कपलरला जोडून दिली होती!

आता मुख्य. गंजका नट, तुमचा बल्ब लावला, काचेच्या बशीत ठेवून. (बशी कुणाची ते विचारू नका.) कपलर काढला, इग्निशन चालू. बल्ब बंद. ग्लोव्ह बॉक्स (बाजूच्या सीटसमोरचा खण) उतरवलेला होता. हात घालून वायर हलवली, ओढली, ढोसली. काही नाही. बॉनेटकडून रिलेपर्यंत बघितली, काही नाही. तासभर गेला. उकाड्याने घामाघूम, शेजारचे काका दोनदा येऊन "सापडलं का" विचारून गेले.

शेवटी बायको खाली आली. म्हणाली, "छत्री ठेवून बघितलीस का?" मी तिच्याकडे जसं बघायचं तसं बघितलं. ती म्हणाली, "मी बसले की छत्री त्या खणात कोंबते. घडीची नाही का ती जाड. मग खण बंद होत नाही म्हणून गुडघ्याने ढकलते."

ग्लोव्ह बॉक्स परत बसवला. छत्री कोंबली. गुडघ्याने नाही, हाताने ढकलला. बल्ब फटकन पेटला. काका "अरे वा" म्हणाले.

गंजका नट · बुधवार, रात्री ११.३६

वहिनींना साष्टांग. धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादाआधी निदान झालं होतं आणि आपण सगळे त्यावरून पुढे गेलो.

हिरवी मिरची · बुधवार, रात्री ११.४१

"हे आपलं गंमत म्हणून." स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जुना वायरमन · बुधवार, रात्री ११.५०

वायर नेमकी कुठे टेकत होती? आणि दोन्ही वेळा छत्री होती का?

चेकनाका · गुरुवार, सकाळी ८.०५

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे डॅशबोर्डला आडवी लोखंडी पट्टी आहे. हार्नेस तिच्या वरून एका क्लिपमध्ये जायला हवी, क्लिप तिथे आहेही, रिकामी. मोटर बसवणाऱ्याने हार्नेस पट्टीच्या पुढून सोडून दिली होती. खण भरला की त्याची पाठ वायरीला पट्टीच्या कडेवर दाबते. कडेला धार आहे, माझंही बोट कापलं. प्लसच्या जाड वायरीचं कातडं नखाएवढ्या जागेत सोलून तांबं दिसत होतं. खण रिकामा असला की वायर पट्टीपासून दोन बोटं दूर, म्हणून मला काही सापडत नव्हतं.

आणि हो, दोन्ही वेळा पाऊस, दोन्ही वेळा ती सोबत, दोन्ही वेळा छत्री. मी एकटा जातो तेव्हा खणात फक्त कागदपत्रं.

आता दुरुस्ती कशी करू? इन्सुलेशन टेप गुंडाळून क्लिपमध्ये टाकली तर चालेल?

जुना वायरमन · गुरुवार, सकाळी ८.४०

काळी प्लॅस्टिक टेप नको. मुंबईच्या उन्हात बंद गाडीत तिचा गोंद पाघळतो, दोन उन्हाळ्यांत सुटते आणि वायर चिकट होऊन बसते. आधी बॅटरीचं मायनस काढा. तांब्याचे धागे तुटलेत का बघा. दोन-चार तुटले असतील तर तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा. धागे शाबूत असतील तर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), त्यावर हार्नेसची कापडी टेप, त्यावर नालीदार पाईप. स्लीव्ह चढवायला कपलरची पिन काढावी लागेल, पण कपलर तुम्ही बदलणारच आहात. जळका कपलर ठेवू नका. पकड सैल झाली की तिथेच उष्णता होते, मग करंट १५ असला तरी तो तापतच राहणार.

कपलर पिगटेलसकट (वायरींच्या तुकड्यांसकट) मिळतो. कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जुना नमुना हातात घेऊन जा, नाव सांगत बसू नका. पिन पकडीने चेपून घ्या, नुसती पिळून टेप मारायची नाही. फ्यूजच्या खाचाही बघा, काळ्या पडल्या असतील किंवा फ्यूज सैल जात असेल तर तेही काम आहे.

आणि २०चा पिवळा. हे सांगायला नको.

शॉर्टकट · गुरुवार, सकाळी ९.१०

४०चा टाकला असता तर त्या पट्टीवर काय झालं असतं, असं विचारणार असाल तर कळलं मला. मागे घेतो.

पाचवा गिअर · गुरुवार, सकाळी ९.२५

मोठ्या मनाने मागे घेतलंत, अभिनंदन.

चेकनाका, एक बारीक टीप. जुन्या मोटरचे २४-२७ तुम्ही ती ब्लोअरच्या खोक्याबाहेर मोकळी फिरवून मोजलेत. मोकळ्या हवेत ड्रम जास्त हवा फेकतो आणि चांगली मोटरही गाडीतल्यापेक्षा जास्तच खाते, त्यामुळे हा आकडा आणि १५.५ एकाच तराजूत तोलू नका. अर्थात बोटाने अर्धा वेढा फिरून थांबते म्हटल्यावर आकड्याची तशीही गरज नव्हती.

चेकनाका · शनिवार, संध्याकाळी ६.५०

काम फत्ते. कुर्ल्याहून कपलर आणला, जुन्या गाडीतून काढलेला पण पिना चकचकीत, १५० रुपये. आमच्या गल्लीतल्या वायरमनकडून चेपून घेतला. धागे शाबूत होते, स्लीव्ह आणि कापडी टेप त्यानेच मारली. तीनशे घेतले आणि वर चहा पाजला. हार्नेस क्लिपमध्ये, पट्टीच्या कडेला रबरी पट्टी चिकटवली. वायपरखालचं भोक साफ केलं, दोन तांबे पाणी ओतून बघितलं, खाली चाकामागून बाहेर येतं. रिकाम्या खणात फिल्टरही बसवला, जागा होतीच.

पिवळा फ्यूज. आज भांडुपपासून सायनपर्यंत चारवर, मुद्दाम खड्ड्यांतून, खणात छत्री कोंबून, खणावर बायकोचा गुडघा. गेला नाही.

आठ हजारवाल्याला फोन केला नाही अजून. करायचा की नाही ठरवतोय.

बटाटाभजी · शनिवार, संध्याकाळी ७.३०

अवांतर: भावाच्या गाडीत ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर मेलेला. फ्यूज ठीक आहे. तिथे पण छत्री?

जुना वायरमन · शनिवार, संध्याकाळी ७.४१

रेझिस्टर. नवा धागा काढा.